कॅमेलिया कुंडीत लावतोयस? माती आणि पाणी एवढं सांभाळ

लंडनच्या बाल्कनीत कॅमेलिया मस्त येतो, फुलांचं झुडूप, चहाचाच भाऊबंद आहे, त्यामुळे त्याला आम्लयुक्त माती लागते, साधं मल्टिपर्पज कंपोस्ट (इथे कुंडीत भरायच्या तयार मातीला कंपोस्ट म्हणतात) भरू नकोस, एरिकेशियस, म्हणजे आम्लयुक्त माती लागणाऱ्या झाडांसाठीची, असं लिहिलेली बॅग घे. कुंडी आत्ताच्यापेक्षा एकच साइज मोठी, खाली भोकं असलेली. रोप आधी होतं तेवढंच खोल लाव, जास्त पुरलं की रुसतं.

आता मेन गोष्ट पाणी. इथलं नळाचं पाणी हार्ड, किटलीत पांढरा थर बसतो ना, तोच चुना मातीत साठतो आणि पानं पिवळी पडायला लागतात, म्हणून जमेल तेवढं पावसाचं पाणी साठवून घाल. आणि पुढच्या सीझनच्या कळ्या उन्हाळ्याच्या शेवटी धरतात, नेमकं तेव्हाच आपली मंडळी सुट्टीला इंडियात, कुंडी कोरडीठाक, मग फेब्रुवारीत कळ्या टपाटप गळल्या की खताला शिव्या! शेजाऱ्यांना चावी देऊन जा सरळ.

पूर्वेकडच्या कोपऱ्यात ठेवू नकोस, रात्री गोठलेल्या कळ्यांवर सकाळचं ऊन आलं की तपकिरी होतात. खत जुलैनंतर बंद. छाटायचंच असेल तर फुलं संपल्या संपल्या.