शंका-समाधान: नॅसचा पासवर्ड गेला, आतले फोटो कसे वाचवायचे?

प्रश्न: आमच्या फोटो स्टुडिओत सिनॉलॉजी कंपनीची दोन डिस्कची नॅस (नेटवर्कला जोडलेली, सगळ्या संगणकांनी मिळून वापरायची साठवणीची पेटी) आहे. ती बसवून देणारा मुलगा काम सोडून गेला. अ‍ॅडमिनचा पासवर्ड त्याच्याकडेच होता आणि लॉगिनचा कोडही त्याच्याच मोबाइलवर यायचा. आत लग्नांचे जवळपास ३ टेराबाइट फोटो आहेत. दुरुस्तीवाले म्हणतात, फॉरमॅट केल्याशिवाय उघडणार नाही. हे खरे आहे का?

उत्तर: नाही. फॉरमॅट कुणालाही करू देऊ नका आणि सध्या नॅस बंदही करू नका. पासवर्ड गेला म्हणजे व्यवस्थापनाचे दार बंद झाले. फोटो डिस्कवर जसेच्या तसे आहेत.

आधी स्टुडिओतल्या प्रत्येक संगणकावर बघा, नॅसचे फोल्डर अजून उघडते का? साध्या खात्याने उघडत असेल तर बाकी सगळे बाजूला ठेवून ४ टेराबाइटच्या बाहेरच्या डिस्कवर कॉपी सुरू करा. वायफायवर नको, लॅन केबल लावा. गिगाबिट जोडणीवर सेकंदाला साधारण ११० मेगाबाइटचा वेग मिळाला तर ३ टेराबाइटला आठेक तास लागतात. लहान फायली जास्त असतील तर त्याहून अधिक.

कॉपी आधी करण्याला एक मोठे कारण आहे. एखादे फोल्डर एनक्रिप्ट (सांकेतिक कुलूप लावून बंद) केलेले असेल तर त्याची किल्ली वेगळी असते, अ‍ॅडमिनच्या पासवर्डशी तिचा संबंध नाही. ते फोल्डर आत्ता उघडे असेल, पण रीसेटनंतर ते बंद होते आणि उघडताना किल्ली मागते. ती तुमच्याकडे नसेल तर कंपनीही काही करू शकत नाही. तेव्हा त्या मुलाला पासवर्ड विचाराल तेव्हा किल्लीची फाइलही विचारा, ती पासवर्डपेक्षा जास्त मोलाची आहे. पूर्ण व्हॉल्यूम (फोल्डर ज्यात असतात ती सगळी साठवणीची जागा) एनक्रिप्ट केला असेल तर रिकव्हरी की मागा.

आणखी एक तपासा. चुकीचा पासवर्ड अनेकदा टाकला की नॅस त्या संगणकाचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) अडवते. मग बरोबर पासवर्डही चालत नाही. त्यामुळे एकदा दुसऱ्या लॅपटॉपवरून प्रयत्न करा. जुन्या संगणकाच्या ब्राउझरमध्ये जतन केलेले पासवर्डही पाहा.

हे सगळे होऊनही दार उघडले नाही, तर रीसेट. नॅसच्या मागे रीसेट असे लिहिलेले बारीक भोक असते. नॅस चालू आणि स्टेटसचा दिवा हिरवा असताना सिमकार्ड काढायची पिन त्यात घालून बटण दाबून ठेवा. साधारण ४ सेकंदांनी एक बीप वाजेल. वाजताच बोट उचला आणि पुन्हा बटणाला हात लावू नका. सगळी चूक नेमकी इथे होते. पहिल्या बीपनंतर १० सेकंदांच्या आत पुन्हा ४ सेकंद दाबले की तीन बीप वाजतात आणि दुसऱ्या प्रकारचा रीसेट सुरू होतो. त्यात ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकावी लागते. फोटो त्यातही राहतात, कारण सिस्टिमची जागा आणि डेटाची जागा प्रत्येक डिस्कवर वेगवेगळी असते. पण वापरकर्त्यांची खाती आणि सेटिंग्ज जातात. सिस्टिम टाकताना पडद्यावर ‘डिस्कवरील सर्व डेटा पुसला जाईल’ अशी सूचना दिसली तर तिथेच थांबा, पुढचे बटण दाबू नका.

एका बीपच्या रीसेटनंतर चार-पाच मिनिटे जाऊ द्या. नॅस आता राउटरकडून नवा आयपी पत्ता घेते, म्हणून संगणकांवरचे जुने ड्राइव्ह उघडेनासे होतात. त्याने घाबरू नका. त्याच नेटवर्कवरच्या संगणकात ‘सिनॉलॉजी असिस्टंट’ हे कंपनीचे सॉफ्टवेअर चालवून नवा पत्ता शोधा आणि ५००० पोर्टवर जा, म्हणजे ब्राउझरमध्ये तो पत्ता लिहून त्यापुढे :5000 टाका. नाव ‘अ‍ॅडमिन’ (इंग्रजी लहान अक्षरांत), पासवर्डची जागा रिकामी. लगेच नवा पासवर्ड ठरवा. नंतर कंट्रोल पॅनेलमधून जुन्या व्यवस्थापक खात्याचा पासवर्ड बदला, त्याच्यावरचा मोबाइल कोड काढा आणि स्वतःच्या नावाने नवे व्यवस्थापक खाते उघडा. शेवटी मूळ ‘अ‍ॅडमिन’ खाते पुन्हा निष्क्रिय करा. रीसेटमध्ये फायरवॉल आणि आयपी अडवण्याची सोय बंद होते, ती चालू करायला विसरू नका.

बीप झाली तरी जुनाच पासवर्ड मागत असेल, तर रीसेटमध्ये पासवर्ड न बदलण्याचा पर्याय आधीच कुणी निवडून ठेवलेला असणार. मग तीन बीपचा रस्ता उरतो. फोटोंची प्रत हातात असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

प्रश्न: माझी नॅस क्यूनॅपची आहे. तिलाही हेच लागू आहे का?

उत्तर: बटण तसेच, वेळा वेगळ्या. ३ सेकंद दाबून एक बीप आली की सोडा. अ‍ॅडमिनचा पासवर्ड मूळ स्थितीत जातो. १० सेकंद दाबले की दोन बीप येतात आणि सेटिंग्ज, खाती सगळी पुसली जातात. फायली राहतात. क्यूटीएस (क्यूनॅपची ऑपरेटिंग सिस्टिम) ४.४.२ पासून मूळ पासवर्ड म्हणजे पहिल्या लॅन पोर्टचा मॅक पत्ता (त्या पोर्टचा कायमचा ओळख क्रमांक): मधली चिन्हे गाळून, अक्षरे इंग्रजी मोठ्या लिपीत. नवीन नॅसवर तिच्या स्टिकरवरची क्लाउड की वापरावी लागते. दुसऱ्या कुठल्या कंपनीची नॅस असेल तर आधी तिचे माहितीपत्रक वाचा, कारण काही घरगुती उपकरणांत बटण जास्त वेळ दाबले तर डेटाच पुसला जातो.

प्रश्न: डिस्क काढून विंडोजच्या संगणकाला लावली तर फोटो मिळतील का?

उत्तर: थेट नाही. डिस्कवरची मांडणी लिनक्सची आहे, विंडोजला ती वाचता येत नाही. म्हणून ते ‘इनिशियलाइज’ किंवा ‘फॉरमॅट’ करू का विचारते. तिथे ‘कॅन्सल’ म्हणा. नॅसच बिघडली असेल तर उबुंटू या लिनक्स सिस्टिमच्या पेनड्राइव्हने संगणक सुरू करून डिस्क फक्त वाचण्यापुरत्या जोडता येतात. काढण्याआधी त्यांवर १ आणि २ असे लिहून ठेवा.