राजा नसलेल्या देशाची राजधानी

साताऱ्यातील एका शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाईंनी एक प्रश्न पाठवला आहे. जगातील देश आणि प्रदेश यांच्या राजधान्यांचा तक्ता वर्गात तयार होत असताना एका मुलीने शंका काढली, की फ्रान्समध्ये राजा नाही, आपल्याकडेही नाही, मग पॅरिसला किंवा नवी दिल्लीला 'राजधानी' का म्हणायचे? त्यावर दुसऱ्या मुलाने विचारले, की आपल्या गावात तर ठिकठिकाणी 'राजधानी सातारा' असे लिहिलेले असते, ते बरोबर की चूक? बाईंच्या एका सहकाऱ्यांनी प्रजासत्ताक देशांसाठी 'लोकधानी' हा शब्द सुचवला. शिवाय तक्त्यात जे स्वतंत्र देश नाहीत अशा प्रदेशांच्या मुख्य गावांना काय म्हणावे, आणि 'राजधानी'चे अनेकवचन काय करावे, असेही बाईंनी विचारले आहे.

मुलीच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण ती शब्दाच्या अगदी गाभ्याशी जाऊन भिडते. 'राजधानी' या शब्दाकडे पाहताना आपले लक्ष पहिल्या अर्ध्या भागावर खिळते आणि दुसरा भाग दुर्लक्षित राहतो. 'धानी' हे 'धा' या संस्कृत धातूपासून झालेले स्त्रीलिंगी रूप आहे. 'धा' म्हणजे ठेवणे, स्थापन करणे. म्हणून 'धानी' म्हणजे ठेवण्याची जागा. निखारे ठेवण्याच्या शेगडीला संस्कृतात 'अंगारधानी' आणि मासे ठेवण्याच्या टोपलीला 'मत्स्यधानी' असे शब्द आहेत. आपल्या फुलदाणीतील आणि अत्तरदाणीतील 'दाणी' मराठीत फारसीच्या वाटेने आली. परंतु फारसीतील 'दान' आणि संस्कृतातील 'धान' हे एकाच प्राचीन मुळाचे दोन फाटे आहेत, त्यामुळे घरातील फुलदाणी ही राजधानीची दूरची नातलग ठरते. याच धातूपासून आपण रोज वापरतो ते निधान, विधान, परिधान आणि समाधान हे शब्द झाले. 'प्रधान' हाही त्याच कुळातला, अर्थ 'पुढे ठेवलेला'. हा शेवटचा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा, साताऱ्याच्या संदर्भात तो पुन्हा येणार आहे.

तेव्हा व्युत्पत्तीने पाहिले तर राजधानी म्हणजे राजा जेथे स्थापन केलेला असतो ती जागा. कालिदासाच्या रघुवंशात वसिष्ठ दिलीप आणि सुदक्षिणा यांना त्यांच्या राजधानीकडे परत पाठवतात, तेथे शब्दाचा हाच सरळ अर्थ आहे. मग राजा गेल्यावर शब्दाने काय करावे? माझे मत असे, की राजा जाण्याच्या कितीतरी आधीपासून 'राज' हा शब्द समासाच्या आरंभी आला की एका व्यक्तीपुरता उरत नव्हता. राजकारण राजाखेरीज चालते, राजदूत राष्ट्रपतीचे पत्र घेऊन जातो, राजपत्र लोकनियुक्त सरकार छापते आणि राजभाषा कायद्याने ठरते. या सर्व शब्दांत 'राज' म्हणजे 'राज्यसंस्था' एवढाच अर्थ आहे. नेपाळमध्ये २००८ साली राजेशाही संपली, तरी काठमांडू नेपाळी भाषेत राजधानीच राहिले. बांगलादेश हे प्रजासत्ताक आहे आणि बंगालीत ढाक्याला राजधानी असेच म्हणतात.

इतर भाषांनी या शहराला कोणती नावे दिली ते पाहिले, की मुलीची शंका आपल्या एकट्या भाषेची नाही हे दिसून येते. काहींनी शरीराची उपमा घेतली. तमिळमध्ये 'तलैनगरम्' म्हणजे डोक्याचे नगर, मल्याळममध्ये 'तलस्थानम्' म्हणजे डोक्याचे स्थान, आणि जर्मन भाषेतील 'हाउप्टश्टाट' याचाही अर्थ तोच. इंग्रजीतील 'कॅपिटल' हा शब्द डोके या अर्थाच्या 'कापुत' या लॅटिन शब्दावरून आला असून भांडवल आणि देहदंड या अर्थांनीही तो त्या भाषेत वापरला जातो. मराठीला मात्र या तीन गोष्टींसाठी तीन स्वतंत्र शब्द आहेत आणि त्यांची कधी गल्लत होत नाही. काही भाषांनी आसनाची उपमा घेतली. गुजरातीत राजधानीला 'पाटनगर' म्हणतात, त्यातील पाट म्हणजे राजाचे आसन. रशियन भाषेतील 'स्तोलित्सा' हा शब्दही सिंहासनावरून आलेला आहे, आणि फारसीत 'पायतख्त' म्हणजे तख्ताचा पायथा. इराणमधील राजेशाही १९७९ साली संपली, रशियातील झारची सत्ता १९१७ साली गेली. तख्ते उरली नाहीत, पण तेहरान आजही पायतख्त आहे आणि मॉस्को आजही स्तोलित्सा आहे. या शब्दांना कोणी अडवले नाही, मग आपल्या राजधानीलाच का अडवावे?

मलय भाषेतील शब्द मला सर्वांत गोड वाटतो. तेथे राजधानीला 'इबू कोटा' म्हणतात. 'इबू' म्हणजे आई, आणि 'कोटा' म्हणजे शहर; हा 'कोटा' मूळ संस्कृत 'कोट', म्हणजे आपल्या किल्ल्यांच्या नावांत येणारा तोच कोट. संस्कृत शब्द पूर्वेकडे गेले तेव्हा राजधानीही त्यांच्याबरोबर गेली. कंबोडियातील नॉमपेन्हच्या ख्मेर नावाआधी 'राजधानी' हाच शब्द तेथील उच्चाराने लागतो, आणि थायलंडमध्ये उबोन राजथानी हा एक प्रांतच आहे. थाई भाषेत तर 'थानी' सुटा होऊन त्याचा अर्थ 'नगर' असा झाला. सुरत थानी या गावाच्या नावात तो तसा आढळतो. म्हणजे ज्या 'धानी'कडे आपण दुर्लक्ष करतो, तिलाच त्या लोकांनी शहर मानले.

आता साताऱ्याच्या फलकाविषयी. शिवाजी महाराजांनी रायगड निवडला त्या प्रसंगाच्या वर्णनात सभासद बखरीत 'तख्तास जागा' असे शब्द आले आहेत. राजधानी म्हणजे तख्ताची जागा, ही कल्पना त्या काळच्या मराठीत अशी उघड बोलून दाखवलेली आहे. पुढे राजाराम महाराजांच्या काळात ती जागा जिंजीला गेली, आणि १७०८ साली शाहू महाराजांनी साताऱ्यात राज्याभिषेक करून घेतला तेव्हा ती येथे स्थिरावली. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी शाहूनगर वसले. परंतु कारभाराचा ओघ हळूहळू पुण्याकडे वळला, आणि १७४९ साली शाहू महाराजांचे निधन झाल्यावर तो पुरता पुण्याचा झाला. मोहिमा पुण्यात ठरत, हिशेब पुण्यात होत, वकील पुण्यात येत. तरीही नव्या पेशव्याला पदाची वस्त्रे साताऱ्याच्या छत्रपतींकडूनच घ्यावी लागत. वर सांगितलेला शब्द येथे आठवावा. 'प्रधान' पुण्यात होता आणि 'राजधानी' साताऱ्यात होती, आणि दोन्ही शब्द एकाच 'धा' धातूचे. पुढे ठेवलेला माणूस एका गावी, राजा ठेवलेली जागा दुसऱ्या गावी, अशी ही अवस्था होती. १७५० साली ताराबाईंनी छत्रपती रामराजांना साताऱ्याच्या किल्ल्यात अटकेत ठेवले, तेव्हा तर राजधानी या शब्दाची व्युत्पत्ती अक्षरशः आणि दुःखद रीतीने खरी झाली. हे वाचताना मला प्रत्येक वेळी वाईट वाटते, कारण शब्दाचा अर्थ इतक्या कठोरपणे क्वचितच सिद्ध होतो.

एकोणिसाव्या शतकात सातारा हे इंग्रजांच्या अधीन असलेल्या संस्थानाची राजधानी होते, आणि १८४८ साली आप्पासाहेब महाराजांच्या मृत्यूनंतर ते संस्थान खालसा करण्यात आले. आज सातारा हे जिल्ह्याचे ठिकाण आहे. तरी 'राजधानी सातारा' हे लिहिणे चूक नाही, कारण ते आजच्या प्रशासनाचे वर्णन नसून गावाचे बिरुद आहे. राजवाड्यापासून पोवई नाक्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आपण राजपथ म्हणतो, त्याच भावनेतून ते आले आहे. तक्त्याच्या चौकटीत मात्र महाराष्ट्रापुढे मुंबईच लिहायला हवी, आणि नागपूरपुढे 'उपराजधानी'.

या बिरुदाला बाहेर एक सुंदर जोड आहे, आणि ती मुलांना अवश्य सांगावी. युरोपातील माँटेनेग्रो या छोट्या देशात १९१८ पर्यंत राजा होता आणि त्याची गादी त्सेतिन्ये या गावी होती. आज तो देश प्रजासत्ताक असून कारभार पॉडगोरिका येथून चालतो. २००७ सालच्या तेथील राज्यघटनेने दोन्ही गावांना वेगवेगळे शब्द दिले: पॉडगोरिका हे 'ग्लाव्नी ग्राद', ज्यात 'ग्लावा' म्हणजे डोके, आणि त्सेतिन्ये ही 'प्रियेस्तोनित्सा', म्हणजे सिंहासनाचे गाव. डोक्याची आणि आसनाची अशा दोन्ही उपमा एकाच देशात, दोन गावांत वाटून दिलेल्या. आपल्या मराठीत हा भेद करायचा झाला, तर त्सेतिन्येला 'जुनी राजधानी' म्हणावे आणि पॉडगोरिकाला नुसती 'राजधानी'.

राजा एकीकडे आणि कारभार दुसरीकडे ही अठराव्या शतकातील सातारा-पुण्याची रचना आजही एका देशात जिवंत आहे. नेदरलँड्सच्या राज्यघटनेत ॲमस्टरडॅमचा राजधानी म्हणून उल्लेख येतो तो राजाच्या शपथविधीच्या संदर्भात. २०१३ साली राजे विलेम-अलेक्झांडर यांचा तो समारंभ तेथेच झाला. संसद, मंत्रालये आणि सर्वोच्च न्यायालय मात्र हेगला आहेत. म्हणून तक्त्यात ॲमस्टरडॅमपुढे 'राजधानी' आणि हेगपुढे 'राज्यकारभाराचे ठिकाण' असे लिहावे. 'ठिकाण' हा शब्द मी मुद्दाम सुचवतो आहे. जिल्ह्याचे ठिकाण, तालुक्याचे ठिकाण असे आपण बोलताना सहज म्हणतो. सरकारी 'मुख्यालय' या शब्दापेक्षा तो जवळचा आहे आणि अर्थालाही अचूक आहे. बोलिव्हियात घटनेप्रमाणे राजधानी सुक्रे आणि कारभाराचे ठिकाण ला पाझ, बेनिनमध्ये पोर्तो-नोव्हो आणि कोतोनू, यांनाही हाच नियम लावावा. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरिया, केप टाउन आणि ब्लूमफाँटेन या तिघींना अनुक्रमे कार्यकारी, विधिमंडळाची आणि न्यायालयीन राजधानी म्हणण्याची रीत आहे, ती तशीच ठेवावी. नाउरू या देशाला अधिकृत राजधानीच नाही; तेथील सरकारी कचेऱ्या यारेन भागात आहेत, म्हणून त्या चौकटीत यारेनपुढे 'कारभाराचे ठिकाण' एवढेच लिहावे.

'लोकधानी' या सुचवणीमागची भावना मला मनापासून आवडते, पण शब्द म्हणून ती टिकणार नाही. व्याकरणाने तिचा अर्थ 'लोक ठेवण्याची जागा' असा होतो, आणि तसे कोणतेही गाव असते. शब्द बदलायचाच असेल तर त्याने जुन्या शब्दाहून काहीतरी नेमके जास्त सांगितले पाहिजे. शिवाय श्रेष्ठत्व दाखवण्यासाठी मराठीने राजाला बाजूला ठेवून स्वतःचा मार्ग आधीच काढलेला आहे. सांगलीला आपण नाट्यपंढरी म्हणतो, कारण १८४३ साली विष्णुदास भावे यांनी 'सीता स्वयंवर' तेथे रंगभूमीवर आणले. कोल्हापूरला कुस्तीपंढरी आणि पुण्याला विद्येचे माहेरघर म्हणतो. अलीकडे वर्तमानपत्रांत 'आर्थिक राजधानी', 'सांस्कृतिक राजधानी' असे प्रयोग फार वाढले आहेत. ते चुकीचे नाहीत, पण ज्या भाषेकडे पंढरी आणि माहेरघर हे दोन शब्द आहेत तिने प्रत्येक ठिकाणी राजधानीकडे धाव घ्यावी, याचे मला वाईट वाटते.

स्वतंत्र नसलेल्या प्रदेशांचे पाहू. ज्या प्रदेशाला स्वतःचे विधिमंडळ किंवा सरकार आहे, त्याच्या मुख्य शहराला निःसंकोच राजधानी म्हणावे: ग्रीनलँडची नूक, बर्म्युडाची हॅमिल्टन, पोर्तो रिकोची सान हुआन. अडचण फक्त दोन ठिकाणी येते. न्यूझीलंडच्या ताब्यातील टोकेलाऊ या प्रदेशात अताफू, नुकुनोनू आणि फाकाओफो ही तीन प्रवाळबेटे आहेत आणि प्रमुखपद दरवर्षी एका बेटाकडून दुसऱ्याकडे जाते. तेथे 'राजधानी नाही, प्रमुखपद आळीपाळीने फिरते' असेच लिहावे. कॅरिबियन समुद्रातील माँटसेराट या ब्रिटिश प्रदेशाची राजधानी कागदोपत्री प्लिमथ आहे, पण १९९५ साली सुरू झालेल्या ज्वालामुखीच्या उद्रेकाने ते गाव राखेखाली गाडले गेले आणि तेथे आता वस्ती नाही. कारभार ब्रेड्स येथून चालतो. या चौकटीत प्लिमथपुढे 'राजधानी (निर्मनुष्य)' आणि ब्रेड्सपुढे 'कारभाराचे ठिकाण' लिहावे. ज्या जागी ठेवायला ना राजा आहे ना लोक, तिलाही जगाने अजून राजधानी म्हणावे, यात शब्दाची चिकाटी दिसते.

अनेकवचनाचे उत्तर सोपे आहे. नदीचे नद्या होते, तसे राजधानीचे राजधान्या होते, आणि विभक्ती लागताना 'राजधान्यांची नावे', 'राजधान्यांमध्ये' असे रूप येते. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत 'देश व राजधानी' असा मथळा असतो, तो चालतो, कारण तेथे प्रत्येक ओळीत एक देश आणि एकच राजधानी अभिप्रेत आहे. पण 'जगातील सर्व देशांच्या राजधानी' हे हिंदीच्या वळणाने आलेले रूप तक्त्याच्या शीर्षकात घेऊ नये. तेथे 'जगातील देश व प्रदेश यांच्या राजधान्या' असे लिहावे.