नृसिंहवाडी आधी, कोल्हापूर मागून

प्रश्न : आम्ही पुण्याहून रेल्वेने निघून कोल्हापूरची अंबाबाई, जोतिबा आणि नृसिंहवाडी अशी दर्शने करून पुढे कणकवलीला नातेवाइकांकडे जाणार आहोत. सोबत सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई असतील. कोल्हापूरहून कणकवलीला रेल्वे आहे का? आणि स्वतःची गाडी नसल्यास फिरताना अडचण येईल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : कोल्हापूरहून कोकणात रेल्वे जात नाही. मिरजेहून १८९१ साली आलेला लोहमार्ग कोल्हापुरातच संपतो. वैभववाडीपर्यंतच्या मार्गाची चर्चा जुनी आहे, परंतु तिच्या भरवशावर बेत आखू नये. कणकवलीसाठी राधानगरी-फोंडाघाटावरून किंवा गगनबावड्यावरून जाणारी एसटीच धरावी लागेल. पावसाळ्यात दरडी कोसळून घाट बंद पडतात, म्हणून त्या दिवसांत निघण्यापूर्वी बसस्थानकावर चौकशी करून घ्यावी.

आपल्या बेतातील क्रम मात्र बदलावा, असे सुचवावेसे वाटते. नृसिंहवाडी कोल्हापूरहून करायची म्हटली, तर ज्या दिशेने आलात त्याच दिशेला परत जावे लागते. मिरजेनंतर कोल्हापूरच्या अलीकडे जयसिंगपूर स्थानक आहे. तेथे थांबणारी गाडी निवडून उतरल्यास वाडी सुमारे १५ किलोमीटरवर राहते. रिक्षा, एसटी किंवा वडाप (प्रवासी भरून नेणारी खासगी जीप) यांपैकी काहीही मिळते, तरी दाटीवाटीने भरलेल्या वडापात सासूबाईंना बसवू नये. दर्शनानंतर वाडीहूनच कोल्हापूरची एसटी पकडावी.

शहरात स्वतःची गाडी नसणे ही अडचण नसून सोयच ठरते, कारण अंबाबाईच्या देवळाभोवतीचे रस्ते अरुंद व गर्दीचे आहेत आणि गाडीवाल्यांनाही ती बिंदू चौकासारख्या ठिकाणी लावून पुढे चालावेच लागते. रेल्वे स्थानक आणि मध्यवर्ती बसस्थानक एकमेकांपासून जवळ आहेत, त्यामुळे मुक्काम त्याच परिसरात केल्यास देवळापर्यंत रिक्षा किंवा केएमटीची (शहर बससेवेची) बस, आणि जोतिबासाठी एसटी, असे दोन्ही साधते. जोतिबाचा डोंगर सुमारे १८ किलोमीटरवर आहे. तेथे वाहनतळापासून मंदिराकडे पायऱ्या उतरून जावे लागते, म्हणजेच गुडघ्यांची खरी परीक्षा परतताना असते. शिवाय रविवार हा देवाचा वार असल्याने त्या दिवशी गर्दी अधिक असते. सासूबाईंसाठी एखादा मधला वार आणि सकाळची पहिली गाडी बरी.