‘अनुप्रवाह’ नको, ‘काढणे’ हाताशी आहे

बीएस्सीच्या विद्यार्थ्यांसाठी औद्योगिक सूक्ष्मजीवशास्त्राचं एक प्रकरण मराठीत आणणाऱ्या एका प्राध्यापिकाबाईंनी विचारलं आहे: किण्वन (फर्मेंटेशन) संपल्यावर टाकीतल्या द्रवातून हवा तो पदार्थ वेगळा करून शुद्ध करायच्या टप्प्याला ‘डाउनस्ट्रीम प्रोसेसिंग’ म्हणतात. मी ‘अनुप्रवाह प्रक्रिया’ लिहिलं. वर्गात वाचून दाखवलं तर एका मुलानं विचारलं, “मॅडम, हे नदीबद्दल आहे का?” दुसरा शब्द सुचवाल का? आणि सेपरेशन, एक्स्ट्रॅक्शन, रिकव्हरी, प्युरिफिकेशन यांना मी पृथक्करण, निष्कर्षण, पुनर्प्राप्ती, शुद्धीकरण असे शब्द वापरते आहे, ते चालतील का?

बाई, त्या मुलाची शंका अगदी रास्त आहे. इंग्रजीत कारखान्याकडे वाहत्या पाण्यासारखं पाहायची सवय आहे, कच्चा माल वरच्या अंगाला आणि पक्का माल खालच्या अंगाला. आपण धरणाबद्दल, ओढ्याबद्दल ‘खालच्या अंगाला’ म्हणतो, कारखान्याबद्दल कधीच म्हणत नाही. त्यामुळे ‘अनुप्रवाह’मध्ये शब्द तेवढा आला, त्यामागचं चित्र आलंच नाही.

टप्प्याचं नाव म्हणून ‘किण्वनोत्तर प्रक्रिया’ लिहा. ते वाचताक्षणी कळतं. आपल्या कृषी विद्यापीठांनी ‘काढणीपश्चात तंत्रज्ञान’ हा शब्द असाच रुळवला आणि तो शेतकऱ्याच्या तोंडीही बसला. आणि त्या टप्प्यात जे काही करतात त्यासाठी एकच क्रियापद धरून ठेवा: काढणे. तेल काढणे, रस काढणे, अर्क काढणे, गुळवेलीचं सत्त्व काढणे, लोणी काढणे. जे आत मिसळलेलं आहे ते बाहेर आणायचं, हा अर्थ या क्रियापदात पूर्ण भरलेला आहे. (‘काढा’ मात्र या कुळातला नाही. तो ‘कढणे’चा, म्हणजे संस्कृत ‘क्वाथ’चा. दिसायला भाऊ वाटतात, पण घराणी वेगळी.)

लोण्यापाशी मला थोडं थांबायचं आहे, कारण बाईंच्या प्रकरणातला जवळजवळ प्रत्येक टप्पा आपल्या घरात मराठीतून होत आला आहे. दुधाला विरजण लावलं, रात्रभरात दही झालं, हे किण्वन. मग दही घुसळलं आणि लोण्याचे कण सुटे होऊन वर आले. ते हातानं एकत्र केले, ताक खाली राहिलं. लोण्याचा गोळा गार पाण्यात दोन-तीनदा धुतला, पाणी स्वच्छ येईपर्यंत, म्हणजे अडकलेलं ताक निघून गेलं. लोणी कढवलं, पाणी उडालं, बेरी तळाशी बसली, वरचं तूप गाळून घेतलं. आणि ते सावकाश निवू दिलं तर रवाळ झालं. घाईनं गार केलं तर रवा बारीक पडतो, हे घरातल्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. कारखान्यात स्फटिक पाडताना नेमकं हेच सांभाळतात: सावकाश गार करा, रवा मोठा येईल, मोठा रवा गाळायला आणि धुवायला सोपा. ‘लोणी’ हा शब्दच ‘नवनीत’वरून आला आहे, म्हणजे नुकतंच बाहेर काढलेलं. पदार्थाचं नावच त्याला काढण्याच्या क्रियेवरून पडलं आहे!

आता चार शब्द. ‘पृथक्करण’ इथे वापरू नका. आपल्याकडे ‘माती व पाणी पृथक्करण प्रयोगशाळा’ असते. तिथे माती तपासतात, कशापासून काही काढत नाहीत. रासायनिक पृथक्करण म्हणजे घटक कोणते आणि किती ते ठरवणं. मुलगा तोच अर्थ घेऊन पुढे वाचेल आणि अडखळेल. ‘विलगीकरण’ कुणी सुचवलं तर तेही नको: 2020 पासून हा शब्द ऐकला की डोळ्यांपुढे दवाखान्यातला कक्ष येतो. मजकुरात सरळ ‘वेगळं काढणं’ लिहा, मथळ्यात हवंच असेल तर ‘विलगन’. ‘शुद्धीकरण’ ठीक आहे, त्यात काही अडचण नाही.

‘निष्कर्षण’ मला आवडतं, पण एका अटीवर: ते फक्त विद्रावकानं (सॉल्व्हंटनं) ओढून घेण्याच्या क्रियेसाठी राखून ठेवा. निस् आणि कृष्, म्हणजे बाहेर ओढणं. ‘निष्कर्ष’ही तोच, म्हणून मुलांना हसू येईल, येऊ द्या, शब्द त्यामुळे लक्षात राहील. उदाहरण पेनिसिलिनचं द्या, त्याहून चांगलं दुसरं नाही. टाकीतल्या द्रवातून बुरशीचा चोथा गाळून बाजूला करतात. उरलेला द्रव थंड करून त्यात आम्ल घालतात, सामू (पीएच) 2 ते 2.5 पर्यंत उतरवतात. त्या सामूला पेनिसिलिन पाणी सोडून ब्यूटिल ॲसिटेटसारख्या विद्रावकात जातं. पण आम्लात ते टिकतही नाही, भराभर नासतं, म्हणून हे काम गारव्यात आणि झटपट उरकावं लागतं. मग विद्रावक किंचित अल्कधर्मी पाण्याबरोबर ढवळला की पेनिसिलिन पुन्हा पाण्यात येतं आणि मळ बराचसा मागे राहतो. ही परत पाण्यात आणायची युक्ती 1940 मध्ये ऑक्सफर्डला नॉर्मन हीटली यांनी सुचवली. त्यांच्यासमोर ईथर या विद्रावकात गेलेलं पेनिसिलिन होतं आणि ते शाबूत बाहेर कसं काढायचं हा पेच होता. फ्लेमिंग यांचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, हीटली यांचं फार थोड्यांना. तुमच्या प्रकरणात त्यांचं नाव जरूर घाला.

‘पुनर्प्राप्ती’चं काय? इथे मी सर्वांत जास्त आग्रह धरीन. इंग्रजी ‘रिकव्हरी’त दोन वेगळे अर्थ आहेत आणि मराठीत त्यांना दोन वेगळे शब्द आहेत. जी गोष्ट आधी हातात होती आणि परत मिळवली, ती पुनर्प्राप्ती. वापरलेला ब्यूटिल ॲसिटेट ऊर्ध्वपातनानं परत मिळवतात, ती पुनर्प्राप्ती. 1941 च्या फेब्रुवारीत ऑक्सफर्डला एका पोलिसाला पेनिसिलिन टोचलं, साठा इतका तुटपुंजा होता की त्याच्या लघवीतून औषध परत काढून पुन्हा त्यालाच दिलं, ती तर शब्दशः पुनर्प्राप्ती. पण टाकीतल्या द्रवातून पेनिसिलिन पहिल्यांदाच बाहेर येतं तेव्हा ‘पुनः’ कुठून आणायचं?

त्या अर्थाला आपल्याकडे कसदार शब्द आहे: उतारा. गळीत हंगामात रोज पेपरात वाचतो, अमुक कारखान्याचा साखर उतारा इतके टक्के. ऊसदर ठरवण्याच्या हिशेबात पायाभूत उतारा 10.25 टक्के धरतात, हे उसाच्या पट्ट्यातलं शाळकरी पोरही सांगेल. हा उतारा म्हणजेच साखर कारखान्याच्या इंग्रजी कागदावरची ‘रिकव्हरी’. साखरेला चालतो तो शब्द पेनिसिलिनला का चालू नये? सातबाऱ्याचा उतारा, विषावरचा उतारा, परिच्छेदाचा उतारा हे अर्थ आहेत हे मला माहीत आहे, पण टक्क्यांच्या शेजारी बसला की हा शब्द कुणाचाही गोंधळ करत नाही.

मी उमेदवारीच्या काळात एका प्रतिजैविकांच्या कारखान्यात होतो. रात्रपाळीला टाकी रिकामी करायची वेळ झाली की फर्मेंटेशनवाले रिकव्हरीवाल्यांना निरोप द्यायचे, “बॅच उतरली, घ्या.” गुऱ्हाळावर काहील उतरते, हलवायाचा घाणा उतरतो, तशी बॅच उतरली. कुणी शब्द घडवायला बसलं नव्हतं. पिंपरीला 1954 मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं, आणि पेनिसिलिन मराठी मुलखात तयार होऊ लागलं. तेव्हापासून हे काम करणारे हात मराठी बोलत आले आहेत. परिभाषा करताना त्यांच्या तोंडचं आधी ऐकावं, कोश नंतर उघडावा, असं मला मनापासून वाटतं.

उताऱ्याचा एक हिशेब मुलांना करायला द्या. काढण्याच्या पाच पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीवर 90 टक्के माल हाती येतो. शेवटी किती? मुलं 85-90 म्हणतील. उत्तर 59 टक्के आहे, कारण उतारे एकमेकांनी गुणले जातात. म्हणून पायऱ्या कमी ठेवायची एवढी धडपड असते.

राहिलं ‘निवळणे’. गढूळ पाणी निवळतं, चुन्याची निवळी करतात, आणि निवळी नावाचं झाडही आहे, ज्याची बी माठाच्या आतून घासली की गाळ खाली बसतो. संस्कृतात त्याला कतक म्हणतात आणि मनुस्मृतीत (6.67) म्हटलं आहे की कतकाचं फळ पाणी स्वच्छ करतं खरं, पण नुसतं त्याचं नाव घेऊन पाणी निवळत नाही. गुऱ्हाळात रसात भेंडीचा चीक घालून मळी वर आणतात, तेही याच जातीचं काम. म्हणून ‘सुपरनेटंट’ला, म्हणजे गाळ बसल्यावर वर राहणाऱ्या द्रवाला, ‘अधिप्लवी द्रव’ वगैरे काही घडवू नका, ‘निवळी’ म्हणा. खाली बसतो तो गाळ, रासायनिक क्रियेनं पडतो तो साका, गाळणीवर उरतो तो चोथा.

हे तीन शब्द काटेकोर वापरा, कारण काय ठेवायचं नि काय टाकायचं हे त्यांवर ठरतं. पेनिसिलिन पेशीबाहेर येतं, म्हणून चोथा टाकायचा. सायट्रिक आम्लाच्या जुन्या पद्धतीत चुना घालून कॅल्शियम सायट्रेटचा साका पाडतात, तिथे साका ठेवायचा आणि निवळी सोडायची. ई. कोलाय या जिवाणूमध्ये तयार केलेलं इन्शुलिनचं प्रथिन पेशीच्या आतच साठतं, तिथे पेशी ठेवायच्या, त्या फोडायच्या आणि मग पुढचं सगळं.

‘ब्रॉथ’ला, म्हणजे टाकीतल्या त्या द्रवाला, ‘किण्वद्रव’ लिहा. ‘किण्व’ कौटिल्याच्या अर्थशास्त्रातल्या सुराध्यक्षाच्या प्रकरणात आहे, मद्य आंबवायच्या बीजासाठी, तेव्हा तो उसना नाही. ‘सेंट्रिफ्यूज’ आणि ‘फिल्टर’ आहेत तसेच राहू द्या, मुलं ते यंत्रावर तसेच वाचणार आहेत.

तुमच्या प्रकरणाचं पहिलं वाक्य मी असं करीन: “किण्वन पुरं झालं की किण्वद्रवातून हवा तो पदार्थ वेगळा काढून शुद्ध करतात, या सगळ्या कामाला किण्वनोत्तर प्रक्रिया म्हणतात, आणि किण्वद्रवातल्या एकूण पदार्थापैकी शेवटी शुद्ध रूपात जेवढा हाती येतो, त्याची टक्केवारी म्हणजे उतारा.”