ताहितीचा उकुलेले हवाईच्या उकुलेलेपेक्षा वेगळा का वाजतो?
कारण त्याला पोकळ पेटीच नसते. हवाईचा उकुलेले छोट्या गिटारसारखा, पातळ फळ्या जोडून केलेला. ताहितीचा सहसा एकाच लाकडातून कोरतात. अंग भरीव, मधोमध नरसाळ्यासारखं आरपार भोक, पुढे रुंद, मागे अरुंद. पुढच्या तोंडावर लाकडाची पातळ चकती, आणि घोडी (तंबोऱ्याला असते तशी) तिच्यावरच. तारा छेडल्या की चकती थरथरते आणि आवाज पाठीमागून बाहेर पडतो, बँजोची आठवण यावी असा खणखणीत!

तारा आठ, चार जोड्यांत, आणि बहुतेकदा गळाला लावतात त्या तंगुसाच्या. मधल्या दोन जोड्या हवाईपेक्षा एक सप्तक वर लावतात, म्हणून सूर इतका चढा. मला सगळ्यात आवडतो तो वाजवणाऱ्याच्या उजव्या हाताचा झपाटा.