कळंगुटला घेतलेली क्यूबन सिगारची पेटी खरी की नकली?

कळंगुटच्या किनाऱ्यावर फिरत्या विक्रेत्याकडून कोहिबा या क्यूबन ब्रँडच्या 25 सिगारची काचेच्या झाकणाची पेटी 5,000 रुपयांना घेतलीत, ती खरी का, असं विचारलंय. नकलीच आहे. काचेच्या झाकणाची पेटी कोहिबा काढतच नाही, त्यामुळे पुढचं काही तपासायचीही गरज नाही.

तरी खात्री करायची तर पेटी उलटी करा. खऱ्या पेटीच्या तळाला ‘एचो एन कुबा’ (Hecho en Cuba, म्हणजे क्यूबात बनवलेलं) आणि ‘तोतालमेन्ते आ मानो’ (Totalmente a mano, म्हणजे पूर्णपणे हाताने) ही स्पॅनिश अक्षरं डाग देऊन उमटवलेली असतात, बोट फिरवलं की खोलगट लागतात. मग एक सिगार सुरीने उभी चिरा. खऱ्या कोहिबात टोकापासून टोकापर्यंत लांब पानं असतात. माझ्या मित्राच्या सिगारमधून भुसा सांडला, आणि मधेच एक जाड देठ!

ओढू मात्र नका. आत काय भरलंय कोण जाणे. खऱ्या सिगारनेही कॅन्सर होतोच, इथे तर तंबाखूचाही भरवसा नाही. कुणाला भेट देऊ नका, अर्ध्या किमतीत विकूही नका. फसवणूक तशीच पुढे जाते. चुरा करून कचऱ्यात टाका. बिल असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा.