वाचक विचारतात : अटलांटिकवर झोप लागेल अशी केबिन

समुद्रप्रवासाच्या केबिनबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : सप्टेंबरात आम्ही दोघं (वय ६४ आणि ६०) साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला ‘क्वीन मेरी २’ने जाणार आहोत. मुलगी न्यू जर्सीत असते. एजंट म्हणतो, वरच्या डेकवर, पुढच्या बाजूची बाल्कनी घ्या, व्ह्यू मस्त आहे. हिला माळशेज घाटातसुद्धा गाडी लागते. घ्यावी का? – ठाणे

घेऊ नका. ज्यांना गाडी लागते त्यांना बोटही लागण्याची शक्यता बरीच, आणि एजंटने सुचवलेली जागा त्या दृष्टीने सगळ्या बोटीत सर्वांत वाईट.

बोट दोन तऱ्हांनी डुलते. एक, डावी-उजवीकडे. दुसरी, पुढचं टोक वर आणि मागचं खाली, मग उलट. पहिल्या डुलण्यावर उपाय आहे. पाण्याखाली दोन्ही कुशींतून बाहेर येणारे पंख ते बरंच आवरतात. क्वीन मेरी २ला अशा पंखांच्या दोन जोड्या आहेत. दुसऱ्या डुलण्यापुढे हे पंख काही करू शकत नाहीत. शिवाय उत्तर अटलांटिकवर वारा बहुतेक पश्चिमेकडून येतो आणि तुम्ही पश्चिमेकडेच निघाला आहात, म्हणजे लाटा समोरून. तुमच्या वाट्याला मुख्यतः दुसरं डुलणंच येणार.

आता थोडं गणित. ही बोट ३४५ मीटर लांब आहे. पुढे-मागे डुलताना ती ज्या रेषेभोवती फिरते ती साधारण मध्यावर, बहुधा मध्याच्या किंचित मागे असते. खराब हवेत पुढचं टोक २ अंश उचललं गेलं असं धरा. त्या रेषेपासून १३० मीटर पुढे असलेली केबिन साडेचार मीटर वर जाते आणि मग तेवढीच खाली येते. रेषेपासून २० मीटरवरच्या केबिनीत हाच आकडा ७० सेंटिमीटर. बोट एकच, तिकीट कदाचित सारखंच, आणि एका केबिनीतली माणसं जेवायला जातात तर दुसरीतली बाथरूमपाशी बसून राहतात. साधारण पाच-सहा सेकंदांत एकदा होणारी वर-खाली हालचाल माणसाला सर्वांत जास्त मळमळवते, आणि मोठ्या बोटींच्या हेलकाव्यात नेमकी तीच लय अनेकदा सापडते.

उंचीचा हिशेब वेगळा. बोट ५ अंश कलली तर उंचीच्या प्रत्येक १० मीटरमागे केबिन कुशीकडे आणखी ८७ सेंटिमीटर झुलते. म्हणून मध्यावर आणि खाली, या दोन्ही गोष्टी हव्यात. एकच मिळत असेल तर ‘मध्यावर’ आधी धरा.

क्वीन मेरी २वर प्रवासी केबिन डेक ४ पासून सुरू होतात. बोटीत पुढून मागे ए, बी, सी, डी असे चार जिने आहेत. डेक ५ वर बी आणि सी जिन्यांच्या मधली केबिन मागा. या भागात वरही केबिनच आणि खालीही केबिनच, त्यामुळे पुढच्या उत्तरातला आवाजाचा प्रश्नही इथेच सुटतो. एक अपवाद : डेक ५ आणि ६ वर काही आतल्या केबिनींची खिडकी थेट मधल्या भव्य लॉबीत उघडते. तिथे संध्याकाळी संगीत चालतं, त्या टाळा.

बाल्कनी हवीच असेल तर डेक ४, ५, ६ वरच्या बाल्कन्या बोटीच्या पोलादी कुशीत कोरलेल्या आहेत. वारा कमी लागतो, पण पुढचा कठडा भरीव पोलादाचा, त्यामुळे खुर्चीत बसल्यावर समुद्र दिसत नाही, उभं राहावं लागतं. डेक ८ वर समोर लाइफबोटी टांगलेल्या असतात. खरं सांगायचं तर पश्चिमेकडे जाताना बाल्कनीचा उपयोग कमीच होतो. बोटीचा वेग २० नॉट (म्हणजे ताशी २० सागरी मैल) आणि समोरून २५ नॉटचा वारा असला की उघड्यावर ४५ नॉट जाणवतो. बाल्कनीचे पैसे वाचवून मध्यावरची आतली केबिन घेतली तर चुकल्यासारखं वाटणार नाही. फक्त एक लक्षात ठेवा, मळमळ सुरू झाल्यावर क्षितिज पाहिलं की बरं वाटतं, आणि आतल्या केबिनीला समुद्राकडे खिडकीच नसते. अशा वेळी डेक ७ वरच्या फिरण्याच्या मार्गावर मध्यभागी जाऊन बसायचं.

(केबिन ठरवण्याआधी ब्रिटन आणि अमेरिका दोन्ही व्हिसा हातात असू द्या. भारतीय पासपोर्टवर बोटीने गेलं तरी सूट नाही.)

प्रश्न : माझी झोप अतिशय सावध आहे. डेक प्लॅन पाहिला, पण त्यात काय बघायचं तेच कळत नाही. – नाशिक

एकच डेक बघू नका, तीन बघा : तुमचा, त्याच्या वरचा आणि खालचा. तिन्ही पानं छापून एकावर एक ठेवा, जिन्यांच्या खुणा जुळवा आणि उजेडासमोर धरा. तुमच्या केबिनीच्या वर आणि खाली काय येतं ते लगेच दिसतं.

वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या ओढायला सुरुवात होते. वर व्यायामशाळा असेल तर वजनं आपटतात. धावण्याचा मार्ग असेल तर सहा वाजल्यापासून टाचांचा ठोका. सर्वांत फसवी जागा म्हणजे बुफे आणि त्याचं स्वयंपाकघर, कारण प्लॅनवर ते निरुपद्रवी दिसतं आणि ट्रॉल्या मात्र रात्रभर फिरतात. क्वीन मेरी २वर डेक ७ च्या मधल्या भागात किंग्ज कोर्ट बुफे आहे, म्हणून त्याच्या बरोबर खालच्या डेक ६ च्या केबिनी जागा उत्तम असूनही सावध झोपेच्या माणसाने घेऊ नयेत. खाली थिएटर, नाचघर किंवा नाइटक्लब असेल तर गाण्यापेक्षा ढोलाचा खर्ज वर येतो आणि तो कापसाच्या बोळ्यांनी थांबत नाही. याच बोटीवर डेक ३ च्या मागच्या भागात क्वीन्स रूम आणि नाइटक्लब आहेत. डेक ४ च्या मागच्या केबिनी त्यांच्या डोक्यावर येतात.

प्लॅनवर नाव न लिहिलेले पांढरे चौकोन दिसतात ना, त्यांना रिकामं समजू नका. तिथे स्टुअर्डची (केबिनीची व्यवस्था पाहणाऱ्या कर्मचाऱ्याची) पँट्री असते, बर्फाचं यंत्र असतं, कर्मचाऱ्यांचा जिना असतो. पोलादी दार दिवसातून शंभरदा बंद होतं आणि प्रत्येक वेळी तुमच्या उशीला कळतं. प्रवाशांची कपडे धुण्याची खोली आणि लिफ्ट यांपासूनही तीन-चार केबिनी दूर राहा.

दोन केबिनींमध्ये छोटा बाण किंवा त्रिकोण काढलेला असेल तर मधे दोन्ही केबिनींना जोडणारं दार आहे. त्या दारातून शेजारच्यांचं बोलणं, खोकणं, टीव्ही, सगळं येतं. कुटुंबं या केबिनी मुद्दाम मागतात. तुम्ही मुद्दाम नाकारा.

मागच्या टोकाला प्रोपेलरची थरथर असते. बोटीला उशीर झाला आणि कप्तानाने वेग वाढवला की ती आणखी वाढते, टेबलावरचा ग्लास वाजू लागतो. पुढच्या टोकाला खालच्या डेकवर बंदरात शिरताना आडव्या प्रोपेलरची घरघर आणि नांगराची साखळी. अटलांटिक ओलांडताना मधे बंदर नसल्यामुळे हा त्रास एक-दोन सकाळपुरताच, पण समोरची लाट आदळल्यावर तिथे होणारा धडाका मात्र रात्रीचाही असतो.

आणखी एक आवाज धुक्यातल्या भोंग्याचा. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडच्या आग्नेयेला ग्रँड बँक्स या उथळ समुद्रावर गल्फ स्ट्रीमचं ऊबदार पाणी आणि लॅब्राडोरचा थंड प्रवाह भेटतात, म्हणून तिथे दाट धुकं पडतं, विशेषतः मे ते जुलैमध्ये. धुक्यात चालत्या बोटीने जास्तीत जास्त दोन मिनिटांच्या अंतराने एक लांब भोंगा द्यायचा असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. तो चार ते सहा सेकंदांचा असतो. या बोटीचा एक भोंगा मूळच्या ‘क्वीन मेरी’ या जुन्या बोटीवरचा आहे आणि तो दहा मैलांवर ऐकू जातो. इतिहास म्हणून छान, पण वरच्या डेकवर झोपणाऱ्याने तो रात्री तीन वाजता ऐकायचा आहे.

आणखी एक, सावध झोपेच्या माणसाने शक्य तर पश्चिमेकडे जावं. साउदॅम्प्टन ते न्यूयॉर्क प्रवासातल्या पाच रात्री घड्याळ दर वेळी एक तास मागे जातं, म्हणजे पाच वेळा तासभर जास्त झोप. उलट येताना तोच तास भर दुपारी कापला जातो.

प्रश्न : ‘केबिन आम्ही ठरवू’ या अटीवरचं तिकीट बरंच स्वस्त आहे. घ्यावं? – एडिसन, न्यू जर्सी

बोट न लागणाऱ्याने खुशाल घ्यावं. या तिकिटात उरलेली केबिन मिळते आणि उरते ती टोकांची किंवा बुफेखालची, कारण जाणकार प्रवासी मधल्या केबिनी आधीच उचलतात. पैसे वाचवून जागाही चांगली हवी असेल तर एक वर्ग खाली उतरा, पण नंबर स्वतः निवडा.

नंबर निवडल्यावरही एक काम राहतं. एजंटकडून बुकिंगवर ‘अपग्रेड नको’ अशी नोंद लिहून घ्या. नाहीतर निघण्याच्या आठवड्यात आनंदाने कळवलं जातं की तुम्हाला फुकट वरचा वर्ग दिला आहे, आणि ती केबिन असते डेक १० च्या पुढच्या टोकाला.

प्रश्न : मुलाची सुट्टी डिसेंबरात आहे. तेव्हा गेलं तर? – पुणे

डिसेंबर ते फेब्रुवारी हा उत्तर अटलांटिकचा सर्वांत खवळलेला काळ. ८ बोफर्टचा वारा (बोफर्ट ही वाऱ्याच्या जोराची मोजपट्टी) म्हणजे ३४ ते ४० नॉट, लाटा साडेपाच ते साडेसात मीटर. हिवाळ्यात त्या मार्गावर हे नवलाचं नाही. क्वीन मेरी २ खास अशा समुद्रासाठी बांधलेली आहे : लांब निमुळतं पुढचं टोक, सुमारे १० मीटर खोल बूड आणि गरज पडली तर सुमारे ३० नॉटपर्यंत वेग. बोटीची काळजी करू नका, पोटाची करा. जून ते ऑगस्टमध्ये लाटा सर्वांत कमी. सप्टेंबरात चक्रीवादळांचा हंगाम ऐन भरात असतो, पण कप्तान वळसा घेतात.

डिसेंबर सोडता येत असेल तर दक्षिणेचा मार्ग बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अनेक क्रूझ बोटी भूमध्य समुद्रातून कॅरिबियनकडे जातात आणि एप्रिल-मेमध्ये परततात. दोन आठवड्यांच्या आसपास लागतात, मधे माडेरा, कॅनरी किंवा अझोर्स बेटं येतात, आणि वाऱ्याचा जोर सहसा कमी असतो. पण या बोटी रुंद, उंच आणि कमी खोल बुडाच्या असतात. मागून लाट आली की त्यांच्या सपाट मागच्या टोकाखाली पाणी फटकन आपटतं. त्यामुळे तिथेही मागची केबिन नको.

प्रश्न : बोटीवर चढल्यावर केबिन कुरकुरते, खडखडते असं कळलं तर काय करायचं? औषध कोणतं न्यावं? – बडोदा

केबिनी कारखान्यात तयार डब्यासारख्या बनवून बोटीत सरकवलेल्या असतात. लाटांवर बोटीचं अंग थोडं वाकतं, तशा भिंतींच्या पत्र्यांच्या कडा एकमेकींवर घासतात. आवाज येत असताना पत्र्यावर तळहात ठेवून दाबा. दाबल्यावर आवाज थांबला तर जागा सापडली. तिथल्या फटीत दुमडलेला पुठ्ठा बसवा. स्टुअर्डकडे मागितला तर तो आनंदाने देतो, त्याला हे रोजचं आहे. (तो गोव्याचा किंवा कोकणातला निघाला तर काम आणखी लवकर होतं.) कपाटातले हँगर काढून पलंगावर ठेवा, ड्रॉवरच्या कडेला दुमडलेला टिश्यू, बाटल्या बुटांमध्ये उभ्या. बाल्कनीचं दार शिट्टी वाजवत असेल तर हँडल पूर्ण खाली गेलेलं नसतं. ते दार आणि बाहेरचं दार एकाच वेळी उघडू नका, वाऱ्याने दार आपटून हाताचं बोट चेचतं.

थरथर किंवा वरचा आवाज पुठ्ठ्याने जात नाही. किती वाजता, कसला, हे लिहून पहिल्याच संध्याकाळी पर्सर डेस्कला (बोटीवरच्या चौकशी-तक्रारीच्या काउंटरला) सांगा. रिकाम्या केबिनी असल्या तर त्या पहिल्या रात्रीनंतर लगेच वाटल्या जातात, तिसऱ्या दिवशी तक्रार केली तर फक्त दिलगिरी मिळते.

औषधात सिनारिझिन (स्टुजेरॉन) आणि प्रोमेथाझिन (ॲव्होमाइन) ही भारतात सर्रास मिळणारी दोन. सिनारिझिन अमेरिकेत विकलं जात नाही, तेव्हा तिथून परतणाऱ्यांनी येतानाचा साठाही इथूनच न्यावा. ॲव्होमाइन आदल्या रात्री झोपताना घ्यायची गोळी आहे. तिने झोप येते, आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. कुठलीही गोळी उलटी सुरू झाल्यावर घेतली तर पोटात टिकत नाही, म्हणून हवामानाचा अंदाज बघून आधीच घ्या. आलेपाक सोबत असू द्या, आणि उपाशी राहू नका. कोरडी बिस्किटं, हिरवं सफरचंद, दर दोन तासांनी थोडंथोडं.